बंद गाडी, उघडी ट्रॉली

माझा पटकन कुणावर विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं एका विमा कंपनीच्या कार्यालयात दावे तपासण्यात गेली. गाडी खरंच चोरीला गेली की मेव्हण्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, दुकान आपोआप पेटलं की कुणी पेटवलं, हे शोधणं माझं काम. समोरचा माणूस रडायला लागला की मी त्याच्या हातांकडे बघते. नवरा म्हणतो, "तू देवळातला प्रसादसुद्धा उलटून बघतेस." बघते. त्यात काय चुकलं?

तर आईचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हाही मी फाइल उघडावी तशीच कामाला लागले.

आईचं घर सातपूर कॉलनीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे हातभर अंगण, अंगणात तुळस आणि दहा-बारा कुंड्या. बाबा तिथल्याच एका कारखान्यात होते. ते गेल्यावर आई एकटी राहिली आणि चांगली नऊ वर्षं राहिली. आता इमारत पाडून तिथे नवी उभी राहणार होती. शेजारपाजारचे एकेक करून निघून गेले होते. आईला माझ्याकडे, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर आणायचं, यात प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो तिच्या अटीचा.

"येते," ती म्हणाली. "पण माझा सकाळचा चहा मी करणार. माझं अंथरूण, माझे देव, माझा चहा. ज्या दिवशी तो तुला करून द्यावा लागेल, त्या दिवशी त्र्यंबककडे जाताना ते वृद्धाश्रम लागतं ना, तिथे माझं नाव घाल. तुझ्या घरात बसवून ठेवलेली म्हातारी मी होणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

"बरं नाही. शब्द दे."

दिला. चहाच तर करायचा होता. आई अठ्ठ्याहत्तरची, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, पण थेंब चालू होते. विचारलं की म्हणायची, "धूसर दिसतं, पण चाललंय माझं." आणि चाललेलं होतंच की. रोज पहाटे साडेपाचला उठायची, चहा करायची, देवांना आंघोळ घालायची. घर आरशासारखं. फक्त एक होतं, तिच्या घरात कुठलीही वस्तू हलवायची सोय नव्हती. मी कधी गेले आणि साखरेचा डबा फडताळात वितभर इकडेतिकडे ठेवला, तर दिवसभर बोलणी खायची. वय झालं की माणसं हट्टी होतात, असं म्हणून मी सोडून द्यायची.

सामान न्यायला मी आधी एका मूव्हर्स कंपनीला बोलावलं. त्यांचा माणूस इस्त्रीच्या शर्टात आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. प्रत्येक खोलीचे फोटो काढले. "मॅडम, बंद बॉडीचा ट्रक येईल. प्रत्येक वस्तू बॉक्समध्ये, प्रत्येक बॉक्सला नंबर, कुलूप तुमच्यासमोर लागणार, तुमच्यासमोर उघडणार. एव्हरीथिंग कव्हर्ड." ते 'कव्हर्ड' ऐकून मी त्याच्याकडून अटींचा कागद मागून घेतला आणि बारीक अक्षरातलं सगळं वाचलं. त्याला घाम फुटला. कुंड्या नेणार नाही, सिलिंडर नेणार नाही, एवढं सोडलं तर कागद स्वच्छ होता. माझं काही त्या माणसावर प्रेम जडलं नाही, पण यादी, सही आणि कुलूप या तीन गोष्टींवर माझा थोडाफार विश्वास आहे.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बंद गाडी नको. मी ट्रॉलीवाल्याला सांगितलंय."

"कोण ट्रॉलीवाला?"

"तो पिंपळगावकडचा. कुंड्यांना खत आणतो तो."

त्याला मी एक-दोनदा ओझरतं पाहिलं होतं. पन्नाशीचा, काळा, काटक. त्याची पिंपळगाव बसवंतच्या पलीकडे कुठेतरी द्राक्षबाग होती. वर्षातून चार-पाचदा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून शेणखत घेऊन कॉलनीत यायचा आणि हंगामात आईला द्राक्षं देऊन जायचा. आई त्याला चहा पाजायची. मला हे कधीच फारसं आवडलं नव्हतं. एकट्या म्हाताऱ्या बाईकडे फुकट द्राक्षं येतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"उघड्या ट्रॉलीत सामान नेणार? रस्त्यात काय पडलं, कुणी काय काढलं, कळणार तरी का?"

"तो नीट नेईल."

"कशावरून?"

"तुला कशावरून लागतं," आई म्हणाली. "मला नाही लागत."

त्या आठवड्यात शनिवारी मी न सांगता आईकडे गेले. दारात ट्रॅक्टर उभा. आत डोकावले तर माझी आई पलंगाशी उभी, हातात दोरीचं एक टोक, आणि स्वयंपाकघराच्या दारात तो ट्रॉलीवाला दुसरं टोक ताणून उभा. दोरीला जागोजागी लाल-पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या. दोघं दबक्या आवाजात बोलत होते. मला बघून तो गप्प झाला. त्याला गप्प झालेलं ऐकून आईही गप्प झाली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"कोण, तू?" आई म्हणाली. "काही नाही गं. सामानाचं बघतोय. काय कुठे किती लांब आहे ते."

"त्याला दोरी कशाला? टेप मिळत नाही का?"

"ताई, बाग आखायची दोरी हाय ही," तो म्हणाला. "वेल लावताना दोन वेलांत अंतर सारखं पायजे ना, म्हणून गाठी मारलेल्या. टेपचे आकडे वाचत कोण बसणार?"

"मी वाचीन."

त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तू चहा घेणार का?"

दावा तपासताना समोरच्याने असा विषय बदलला की मी फाइलवर लाल पेनाने खूण करते. इथे तर दोघांनी मिळून बदलला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती थांबेचना. कॉलनीत नुकतंच एका घराचं क्षेत्रफळ बिल्डरने कागदावर कमी दाखवल्यावरून भांडण झालं होतं. कोण कुणाचा माणूस, कोण कुणाला मोजमाप पुरवतो, कुणालाच कळत नव्हतं. खत घालायला येणारा माणूस घर मोजतोय, आणि माझी आई त्याला दोरी धरून देतेय. हा बिल्डरचा माणूस, अशी माझी खात्री पटत चालली.

मी त्याची उलटतपासणी घेतली. सामान कसं भरणार, किती माणसं, यादी कोण करणार.

"यादी नाय, ताई. दोन गडी येतील. मावशीची खोली जशी हाय तशी उचलायची अन् तिकडं तशीच ठेवायची. फडताळातले डबे काढायचे नाय. फडकं आवळून फडताळच उभं न्यायचं. खाली भाताचा पेंढा टाकतो, द्राक्षाचा मणी फुटत नाय त्याच्यावर."

म्हणजे खोकी नाहीत, नंबर नाहीत, सही नाही. बाहेर जाऊन त्याच्या ट्रॉलीभोवती फिरले. मागच्या फळीची कडी तारेने बांधलेली. त्याच्यावर कसला भरवसा ठेवायचा?

तो गेल्यावर मी आईला सरळ विचारलं, "त्याने तुझी कशावर सही घेतली का?"

आई हसली. म्हणाली, "तुझ्या बाबांना पण तू अशीच विचारायचीस, शाळेतून आल्यावर. माझ्या डब्यातलं कोणी खाल्लं म्हणून."

हसण्यावारी नेलं, म्हणजे दुसरी लाल खूण.

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं, पण सांगते. मी दोघांशीही खोटं बोलले. ट्रॉलीवाल्याला फोन करून सांगितलं की आईची तब्येत बरी नाही, घर हलवणं पुढे गेलं, आम्हीच कळवू. आणि आईला सांगितलं की त्याचा ट्रॅक्टर बिघडलाय, गॅरेजमध्ये आहे, आठ दिवस लागतील आणि आपल्याकडे तेवढे दिवस नाहीत. आईने विचारलं, "असं म्हणाला का तो?"

"हो."

"मग काय, तुझी बंद गाडी बोलाव."

गाडी आली. सारख्या टी-शर्टातले चार जण उतरले आणि अडीच तासांत त्यांनी आईचं चाळीस वर्षांचं घर खोक्यांमध्ये बंद केलं. मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. प्रत्येक खोक्यावर नंबर, प्रत्येक नंबरापुढे माझी बरोबरची खूण. आई अंगणात तुळशीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. टेप ओढल्याचा करकर आवाज झाला की तिची मान तिकडे वळायची.

"फडताळ रिकामं केलं का गं?"

"केलं."

"चहाचा डबा कशात गेला?"

"सतरा नंबरमध्ये. सगळं लिहिलंय माझ्याकडे, आई. यादी आहे."

"तुझ्याकडे आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, हट्ट मोडला म्हणून रुसलीय. रुसू दे, पोचल्यावर कळेल तिला. एक चमचासुद्धा इकडचा तिकडे होणार नव्हता.

आणि खरंच झाला नाही. पाथर्डी फाट्यावर कुलूप माझ्यासमोर उघडलं. बेचाळीस खोकी, सगळी जशीच्या तशी. मी सही केली आणि मनातल्या मनात त्या तारेने बांधलेल्या कडीला हसले. संध्याकाळपर्यंत आईची खोली मी स्वतः लावली. आमच्या त्या खोलीच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसतो. आईला पडल्यापडल्या बघता यावा म्हणून पलंग मुद्दाम खिडकीला लावला. कपाट समोरच्या भिंतीला. फडताळ स्वयंपाकघरात, त्यात डबे उंचीप्रमाणे ओळीने. नवरा म्हणाला, "मासिकातला फोटो वाटतोय."

"आई, डोंगर बघ की. छान दिसतो ना?"

"छान आहे," आई म्हणाली. तिचं तोंड कपाटाकडे होतं. मला वाटलं, दमलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले, तर आई पॅसेजमध्ये उभी. एक तळवा भिंतीवर टेकलेला, दुसरा पुढे. बाथरूमच्या बंद दारासमोर उभी होती.

"आई, तिकडे बाथरूम आहे. स्वयंपाकघर मागे."

"झोपेत आहे अजून मी," ती म्हणाली. "किती वाजले गं?"

"सहा."

चहा मी केला. तिने कप दोन्ही हातांनी धरला आणि अर्धाच प्यायली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठून आली नाही, पलंगावरच बसून राहिली. चहा मी केला. तिसऱ्या दिवशीही मीच. कप हातात घेऊन ती म्हणाली, "तीन दिवस झाले. तू शब्द दिला होतास."

"आई, नवीन जागा आहे. होईल सवय."

"नाही होणार. त्या आश्रमात फोन कर."

मी भडकले. म्हणाले, तुझ्यासाठी मर मर मरते, रजा टाकली, खोली लावली, आणि तुला डोंगरसुद्धा बघावासा वाटत नाही. त्या खतवाल्याने तुझ्या मनात काय भरवलंय ते एकदा सांग. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. माझी आई दिवसा कधी आडवी झालेली मला आठवत नाही. मला त्या वेळी तिचा फार राग आला, आणि भीतीही वाटली. खरंच आश्रमात जाईल ही, असं पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी सातपूरला गेले. बिल्डरला किल्ली द्यायची होती आणि कुंड्यांचं काय करायचं ते बघायचं होतं. जाते तर दारासमोर ट्रॅक्टर उभा, मागे रिकामी ट्रॉली. तो पायरीवर बसला होता, शेजारी द्राक्षांचं एक खोकं. मला बघून उठला.

"मावशी कशी हाय? दवाखान्यात ठेवलं का? तुम्ही फोन उचलंना, म्हणून आलो. इथं तर कुलूप."

माझं खोटं माझ्याच पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं. पण माझा स्वभाव असा की चूक झाली की मी आधी समोरच्यावर धावून जाते.

"मावशी ठीक आहे. तिला मी घरी नेलंय. तुम्ही मला आधी हे सांगा, तुम्ही घर कुणासाठी मोजत होता? तिच्याकडून काय लिहून घेतलंत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुणासाठी म्हंजे? मावशीसाठी."

"तिला कशाला हवं माप?"

"मावशीला दिसत नाय, ताई," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नाय?"

"धूसर दिसतं. काचबिंदू आहे."

"धूसर नाय. काहीच नाय दिसत. दोन वर्षं झाली."

मी म्हटलं, शक्य नाही. माझी आई आहे ती. दर रविवारी मी जाते.

"एकदा मी खताचं पोतं दारात ठेवलं," तो सांगायला लागला. "एरवी अंगणात कोपऱ्याला ठेवतो. मावशी बाहेर आली अन् त्याच्यावर पडली. भर दुपारचं ऊन व्हतं. पोतं केवढं, तुम्हीच सांगा. उठवलं, बसवलं, मग मी समोर उभं राहून नुसता हात हलवला. मावशी माझ्या आवाजाकडं बघत व्हती, हाताकडं नाय. मग रडली. म्हणली, पोरीला सांगू नको. ती गॅस काढून घेईल, बाई ठेवील अन् मला खुर्चीत बसवील."

मी पायरीवर बसले. कारण मी अगदी तेच केलं असतं, आणि याच क्रमाने केलं असतं.

एकेक गोष्ट आठवायला लागली. मी गेले की आई आधी माझ्या दंडाला हात लावायची, पदर बोटांत धरायची आणि मग म्हणायची, "ही नवीन का? छान आहे." मला वाटायचं, कौतुक करतेय. पेपर घडी घालून ठेवलेला असायचा, पण त्याची घडी कधी मोडलेली नसायची. शनिवारी मी दारात उभी होते आणि तिने विचारलं होतं, "कोण, तू?" परक्या माणसाच्या सहीतला वेलांटीचा फरक मला कळतो, आणि हे माझ्यासमोर दोन वर्षं घडत होतं. मला माझी लाज वाटली. आणि तिचाही राग आला, की त्या खतवाल्याला सांगितलं आणि मला नाही.

त्याने माझ्या हातून किल्ली घेऊन दार उघडलं. रिकाम्या खोलीत शहाबादी फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग होते. तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फरशी पायांनी घासून गुळगुळीत झाली होती, मध्ये कुठेही न वळता. त्याने ट्रॉलीतून दोरी आणली आणि एक टोक त्या डागावर धरून उलगडली.

"लाल चिंधी म्हंजे दाराची चौकट. त्याच्यापुढं पांढरी, ती ओटा. ही गाठ फडताळ. मावशीनं एकेक गाठ हातानं चाचपून मारलीय. म्हणली, तिकडं एवढंच अंतर ठेव, मग मला कुणाची गरज नाय. भिंती वेगळ्या असल्या तरी चालतील, अंतर सारखं पायजे. गॅस तिला आवाजावरून कळतो, वासावरून कळतो. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

मी विचारलं, "ट्रॉली मोकळी आहे का?"

तुळस आणि कुंड्या त्याने पेंढ्यावर ठेवल्या. मी इस्त्रीच्या साडीत, पर्स पोटाशी धरून, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले आणि अंबडमार्गे पाथर्डी फाट्यापर्यंत आले. सिग्नलला आमच्या कार्यालयातला एक जण दुचाकीवर शेजारी थांबला आणि दुसरीकडे बघू लागला. बघू दे म्हटलं. दोरी माझ्या मांडीवर होती.

आईने खालून येणारा आवाज ओळखला असावा. आम्ही दारात पोचलो तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती.

"झाला का ट्रॅक्टर दुरुस्त?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झाला, मावशी."

माझ्यासाठी खोटं बोलला तो. मी ज्याला चोर ठरवला, तो. मला ते सहन झालं नाही.

"बिघडलाच नव्हता, आई. मी खोटं सांगितलं होतं."

"माहीत आहे," आई म्हणाली. "तू खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतेस. लहानपणापासून."

मग आम्ही कामाला लागलो. पलंग खिडकीपासून काढला. त्या खोलीतून स्वयंपाकघर फार लांब पडत होतं, दोरी पुरेना. शेवटी पलंग हॉलमध्ये आणला, जेवणाचं टेबल भिंतीला रेटलं आणि सोफा बाल्कनीच्या दारात आडवा गेला. नवरा आला, त्याने दारातूनच सगळं पाहिलं आणि म्हणाला, "पाहुणे कुठे बसणार?" मी म्हटलं, पलंगावर. तो बूट काढून पलंगाची दुसरी बाजू उचलायला आला.

आई पलंगाशी उभी राहिली. ट्रॉलीवाला खाली वाकून पलंगाचे पाय सरळ करत होता. दोरीचं दुसरं टोक मी उचललं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी नेलं. आईने तिचं टोक ओढून पाहिलं. मग थांबली.

"कोणी धरलंय तिकडून?"

"मी."

आईचा हात दोरीवर तसाच राहिला. तिला कळलं की मला कळलंय. ती म्हणाली, "मग ताणून धर. ढिली सोडू नकोस."

लाल चिंधी चौकटीवर येईपर्यंत पलंग चार वेळा सरकवला. गॅसची शेगडी ओट्याच्या उजव्या टोकाला आणली. फडताळातले मी उंचीप्रमाणे लावलेले डबे सगळे खाली काढले. मी एकेक डबा आईच्या हातात देत गेले, ती तो हलवून, वास घेऊन जागेवर ठेवत गेली. मी एकदाही म्हटलं नाही की हा जिऱ्याचा आहे. तिला माहीत होतं. ट्रॉलीवाला कुंड्या बाल्कनीत लावून गेला. जाताना मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "दादा, माझं चुकलं." तो म्हणाला, "एकटी बाई म्हणल्यावर इचारावंच लागतं, ताई," आणि जिना उतरला.

आम्ही दोघीच स्वयंपाकघरात राहिलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

आई चहाच्या डब्याचं झाकण पुसत होती. "तू सगळ्या जगावर संशय घेतेस," ती म्हणाली. "एक माझ्यावर तेवढा घेत नव्हतीस. त्याच्यावरच माझं चाललं होतं."

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच जागी झाले. उठून हॉलमध्ये आले आणि सोफ्याच्या टोकावर आवाज न करता बसले. कितीही झालं तरी गॅस होता तो, आणि मी मी होते. साडेपाचला आई उठली. अंधारच होता, पण तिला त्याचं काही नव्हतं. पावलं पडली, न अडखळता, चौकटीशी क्षणभर थांबली आणि आत गेली. लायटरचा एकदाच आवाज आला. पाणी, साखर, मग आल्याचा वास. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. शेगडीचं बटण बंद झाल्याचं ऐकलं, तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला.

आई दोन कप घेऊन बाहेर आली.

"कधीची बसलीयेस गं?"

मी आवाजसुद्धा केला नव्हता. "आत्ताच आले," मी म्हटलं, आणि त्याआधी माझा घसा खाकरला गेला.

आई हसली. तिने कप पुढे केला, माझ्यापासून हातभर डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं. मी सोफ्यावर तिकडे सरकले आणि तो घेतला.